किल्ली कोणाच्या हाती?

पतिपत्नींमधील बेबनाव हा विनोदाचा फार जुना विषय आहे. एकाने दुसऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घ्यावी, त्या शंकेला एखाद्या क्षुल्लक वस्तूचा आधार मिळावा आणि पाहता पाहता घोटाळ्यांचा डोंगर उभा राहावा, ही नाटककारांची आवडती वाट होय. आपल्या रंगभूमीपुरते बोलावयाचे तर गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० मध्ये एक प्रहसन लिहिले. त्याच्या आधारे इंग्लंडात आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये एक सुखात्मिका रचली. आणि तिच्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक सिद्ध केले. पुढे त्यात पदांची भर पडली आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते 'संगीत संशयकल्लोळ' या नावाने रंगभूमीवर आणले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे यांपासून बेळगाव-गोव्यापर्यंत, जेथे जेथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावला आहे, तेथे तेथे फाल्गुनरावाच्या संशयाला मोकळेपणाने हसणारे प्रेक्षक आजही भेटतील.

पण आपण हसतो ते कशाच्या बळावर? फाल्गुनराव आपल्या पत्नीच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर पाहतो आणि भडकून उठतो. ती तसबीर तिच्या हाती कशी आली हे मात्र आपणांस आधीच ठाऊक असते. कृत्तिका निर्दोष आहे, आणि ती ज्याच्यावर उलट संशय घेते तो फाल्गुनरावही निर्दोष आहे, या खात्रीवर आपले हसू उभे असते. क्षणभर कल्पना करा की, तिसऱ्या अंकात तो संशय खरा ठरला. मग काय होईल? हसू ओठांवरच थिजेल. तेव्हा जुन्या सुखात्मिकेचा अलिखित नियम असा दिसतो की, व्यभिचाराची शंका हा विनोदाचा विषय आणि प्रत्यक्ष व्यभिचार हा शोकात्मिकेचा विषय. या दोन प्रांतांमधली सीमा सहसा कोणी ओलांडत नसे.

आजच्या भाषणात ज्या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे, त्याने ही सीमा जाणूनबुजून ओलांडली. 'द अपार्टमेंट' हे त्याचे नाव. १९६० मध्ये तो अमेरिकेत प्रकाशित झाला. बिली वाइल्डर हा त्याचा दिग्दर्शक व निर्माता, आणि त्याची कथा-पटकथा वाइल्डर व आय. ए. एल. डायमंड या दोघांनी मिळून लिहिली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, संकलन आणि कृष्णधवल चित्रपटाचे कलादिग्दर्शन अशी पाच ऑस्कर पारितोषिके त्याला लाभली. या चित्रपटात विवाहबाह्य संबंध हा कोणाचा गैरसमज नाही. तो खरा आहे, नित्याचा आहे, आणि त्याचे रीतसर वेळापत्रक आहे. तरीही प्रेक्षक हसतो. आणि ज्या ठिकाणी हसू नये त्या ठिकाणी, कोणी न सांगता, हसणे थांबवतो. हे कसे साधले, आणि त्यातून कोणते सत्य हाती लागते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम दिग्दर्शकाविषयी थोडेसे. बिली वाइल्डर मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला. आज पोलंडात असलेल्या एका गावी १९०६ मध्ये ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. तारुण्यात त्याने व्हिएन्ना व बर्लिन येथे वार्ताहराचा व्यवसाय केला, आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच तो जर्मनी सोडून पॅरिसमार्गे अमेरिकेस पोहोचला. वार्ताहराची चौकस, काहीशी निर्दय नजर त्याच्यापाशी अखेरपर्यंत राहिली. त्या नजरेनेच त्याला या कथेचे बीज दाखवले.

ते बीज एका इंग्रजी चित्रपटात होते. डेव्हिड लीन याचा 'ब्रीफ एन्काउंटर' हा चित्रपट १९४५ चा. त्यात एक विवाहित स्त्री व एक विवाहित डॉक्टर यांची रेल्वे स्थानकावरच्या उपाहारगृहात ओळख होते, तिचे प्रेमात रूपांतर होते, आणि एका सायंकाळी तो डॉक्टर आपल्या मित्राची रिकामी जागा भेटीसाठी मागून घेतो. मित्र अवचित परत येतो, आणि भेट विसकटते. त्या प्रेमिकांच्या दुःखाने जगभरचे प्रेक्षक गहिवरले. वाइल्डरचे लक्ष मात्र त्या मित्राकडे गेले. प्रेमिक निघून गेल्यावर ज्याला एकट्याने त्या खोलीत निजावयाचे आहे, तो माणूस कोण? त्याने जागा का दिली? त्याला काय वाटले असेल? जो पात्रयादीतही दुय्यम, त्यालाच नायक करावयाचे, ही कल्पना वाइल्डरच्या मनात रुजली.

परंतु ती पडद्यावर यायला पंधरा वर्षे लागली. याचे कारण हॉलिवुडची आचारसंहिता. चित्रपट व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेली ही बंधने १९३४ पासून कसोशीने पाळली जात. कथेला व्यभिचार आवश्यकच असेल तर तो असावा, पण त्याचे उघड चित्रण नसावे, समर्थन नसावे, आणि तो मोहक रूपात दाखवू नये, असा तिचा दंडक होता. तिचा प्रताप वाइल्डरने स्वतः अनुभवला होता. 'द सेव्हन इयर इच' हे जॉर्ज अ‍ॅक्सलरॉडचे नाटक. पत्नी उन्हाळ्यासाठी परगावी गेली असता पती शेजारणीच्या मोहात पडतो, आणि नाटकात त्याचा पाय खरोखरच घसरतो. १९५५ मध्ये वाइल्डरने त्याचा चित्रपट केला, तेव्हा मात्र सारा व्यभिचार त्या पतीच्या कल्पनेत उरला. थोडक्यात, आचारसंहितेने त्या नाटकाचे 'संशयकल्लोळ' केले. शंका चालेल, कल्पना चालेल, वस्तुस्थिती चालणार नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही बंधने सैलावू लागली आणि वाइल्डरला जुने टिपण बाहेर काढता आले. ती संहिता पुढे १९६८ मध्ये रद्दच झाली.

आता कथेकडे वळू. न्यूयॉर्कमधील एका प्रचंड विमा कंपनीत सी. सी. बॅक्स्टर नावाचा कारकून आहे. प्रारंभी तोच आपल्याशी बोलतो, आणि बोलतो ते आकड्यांत. शहराची लोकसंख्या ८०,४२,७८३. तिची माणसे एकापुढे एक आडवी निजवली तर रांग थेट कराचीच्या वेशीपर्यंत पोहोचेल. कंपनीच्या मुख्य कचेरीत नोकर ३१,२५९. त्याचे टेबल एकोणिसाव्या मजल्यावर, क्रमांक ८६१. आठवड्याचा पगार ९४ डॉलर ७० सेंट. भाड्याच्या बिऱ्हाडाचे महिन्याला ८५ डॉलर. हे आकडे ऐकताना गंमत वाटते, पण ते सहज आलेले नाहीत. ज्या जगात माणसाची ओळख टेबलाच्या क्रमांकाने होते, त्या जगात माणसाची किंमतही आकड्यांत होणार, याची ती पूर्वसूचना असते.

या कचेरीचे दृश्य चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अलेक्झांडर ट्राउनर हा त्याचा कलादिग्दर्शक. टेबलांच्या रांगा क्षितिजापर्यंत गेल्याचा भास व्हावा म्हणून त्याने मागची टेबले क्रमाने लहान लहान करत नेली, आणि अगदी मागे चिमुकल्या टेबलांशी ठेंगणी माणसे बसवली. प्रेक्षकाला ही युक्ती कळत नाही. त्याला फक्त जाणवते की, येथे माणूस जितका दूर तितका क्षुद्र होत जातो.

बॅक्स्टर अविवाहित आहे. त्याचे बिऱ्हाड शहराच्या मध्यवस्तीत, सोयीच्या जागी आहे. आरंभ निरुपद्रवी होता. दूर राहणाऱ्या एका सहकाऱ्याला रात्रीच्या मेजवानीसाठी कपडे बदलायला जागा हवी होती, म्हणून बॅक्स्टरने किल्ली दिली. मग ती वार्ता पसरली. कचेरीतले चार वरिष्ठ, सारे संसारी, आपापल्या मैत्रिणींसह ती जागा आळीपाळीने वापरू लागले. बदल्यात बॅक्स्टरच्या नावापुढे गुप्त अहवालांत शिफारसी पडू लागल्या. कोणी बळजबरी केली नाही. प्रत्येकाने फक्त विनंती केली. आणि विनंती करणारा वरिष्ठ असला म्हणजे तिला नकार देणे किती कठीण असते, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावयास नको.

येथे हास्याला भरपूर वाव मिळतो. पावसाळी थंडीच्या रात्री स्वतःच्याच घरातून हुसकला गेलेला बॅक्स्टर बागेतल्या बाकावर कुडकुडत बसतो. त्याला सर्दी होते, ताप येतो. निदान एक रात्र आपल्या अंथरुणात निजावे म्हणून तो कचेरीतून दूरध्वनी करू लागतो. एकाची गुरुवारची पाळी शुक्रवारी न्यावी तर दुसऱ्याची अडचण. दुसऱ्याला हलवावे तर तिसऱ्याची. नाकाला रुमाल लावून, दिनदर्शिका समोर ठेवून, हा गृहस्थ चार विवाहितांच्या चोरट्या भेटींची व्यवस्था एखाद्या स्थानकप्रमुखाच्या दक्षतेने लावत असतो. पाप आहे, पण त्याचे रूप दप्तरी कामकाजाचे आहे. विनोदाचा उगम या विसंगतीत आहे.

आणखी एक युक्ती वाइल्डरने योजली आहे. शेजारी राहणारे डॉक्टर ड्रायफस भिंतीपलीकडून येणारे हसणे-खिदळणे, संगीत आणि दारासमोर साचणाऱ्या रिकाम्या बाटल्या पाहून अशा निष्कर्षाला येतात की, हा किरकोळ दिसणारा तरुण अट्टल विलासी असला पाहिजे. म्हणजे जुन्या सुखात्मिकेतला खोटा संशय येथेही आहेच! फक्त त्याची जागा बदलली आहे. जे खरोखर दोषी आहेत त्यांच्यावर कोणाचा संशय नाही. ज्याने स्वतः काही उपभोगले नाही तो बदनाम आहे. फाल्गुनराव निर्दोष पत्नीवर संशय घेतो तेव्हा आपण त्याला हसतो. येथे डॉक्टरांना हसता हसता आपण थबकतो, कारण डॉक्टर पुरते चुकलेले नाहीत. बॅक्स्टरने विलास केला नसेल, पण विलासाला घर दिले आहे. तो निर्दोष म्हणावा काय, हा प्रश्न हसण्याच्या आडून मनात शिरतो.

कचेरीत लिफ्ट चालवणारी फ्रान क्यूबेलिक ही तरुणी बॅक्स्टरला मनापासून आवडते. तो तिच्याशी अदबीने वागतो, टोपी काढून बोलतो. इकडे कंपनीचा एक बडा अधिकारी शेल्ड्रेक याच्या कानी त्या किल्लीची गोष्ट जाते. बॅक्स्टरला वाटते, आता नोकरी गेली. शेल्ड्रेक नीतीवर चार शब्द ऐकवतो आणि शेवटी आपल्यालाही ती किल्ली हवी असल्याचे सुचवतो. मोबदला म्हणून नाटकाची दोन तिकिटे त्याच्या हाती ठेवतो. बॅक्स्टर आनंदाने फ्रानला त्या नाटकास बोलावतो, आणि नाट्यगृहाच्या दाराशी तिची वाट पाहत उभा राहतो. ती येत नाही. कारण त्याच संध्याकाळी शेल्ड्रेक तिला घेऊन बॅक्स्टरच्याच बिऱ्हाडी गेलेला असतो. आपण ज्या दोन तिकिटांवर स्वप्न रचले, ती त्याच स्वप्नाची किंमत होती, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसते.

हे त्याला कळते कसे, हा या चित्रपटातला सर्वांत मार्मिक प्रसंग होय. बिऱ्हाडात कोणा स्त्रीची पावडरची डबी राहून जाते. तिच्यातला आरसा तडकलेला आहे. बॅक्स्टर ती डबी इमानाने शेल्ड्रेकला परत करतो. पुढे नाताळच्या आदल्या दिवशी कचेरीत जल्लोष चालू असतो. बढती मिळालेल्या बॅक्स्टरने अधिकाऱ्याला शोभेल अशी नवी टोपी विकत घेतली आहे. ती कशी दिसते हे पाहावे म्हणून फ्रान आपली डबी उघडून त्याच्यापुढे धरते. त्याच तडकलेल्या आरशात त्याला आपला चेहरा दोन तुकड्यांत दिसतो. आरसा फुटला आहे, असे तो कसाबसा म्हणतो. ती उत्तरते की, ते तिला ठाऊक आहे. आपण आतून जशा आहोत तशाच त्यात दिसतो, म्हणून तिला तो आवडतो. एकही खुलासा नाही, आक्रोश नाही. 'संशयकल्लोळा'त तसबीर खोटे बोलते आणि नंतर खुलासा होऊन सारे सुखी होतात. येथे आरसा खरे बोलतो आणि खुलाशाला जागाच उरत नाही. शिवाय तो एकाच वेळी दोघांना दोन गोष्टी सांगतो: फ्रान कोणाची आहे ही एक, आणि आपण तिचे काय केले ही दुसरी.

याच रात्री विनोद थांबतो. शेल्ड्रेकची चिटणीस मिस ओल्सन, जी पूर्वी स्वतः याच मार्गाने गेलेली, ती फ्रानला त्या पुरुषाच्या आजवरच्या सर्व मैत्रिणींची यादी ऐकवते. प्रत्येकीला त्याने तेच आश्वासन दिले होते: आपण पत्नीपासून विभक्त होणार. बिऱ्हाडातल्या भेटीत फ्रान त्याला मोठ्या मायेने निवडलेली एक ध्वनिमुद्रिका भेट देते. तो घाईत असतो. उपनगरात पत्नी व दोन मुले नाताळच्या झाडापाशी वाट पाहत असतात. फ्रानसाठी काही आणायला सवड झाली नाही म्हणून तो पाकिटातून शंभर डॉलरची नोट काढून देतो. त्या नोटेचा अर्थ फ्रानला कळतो, पण देणाऱ्याला कळत नाही. तो गेल्यावर ती बॅक्स्टरच्याच घरात झोपेच्या गोळ्या घेऊन जीव द्यावयास निघते.

बॅक्स्टर परतल्यावर तिला पाहतो आणि शेजारच्या डॉक्टरांना हाक मारतो. ते रात्रभर खटपट करून तिला वाचवतात. साहजिकच त्यांची समजूत अशी की, या मुलीची ही दशा बॅक्स्टरनेच केली. ते त्याला खरमरीत शब्दांत सुनावतात, आणि तो ऐकून घेतो. पुढे फ्रानचा मेहुणा येतो, तेव्हाही तो सारा दोष आपल्याकडे घेतो आणि मुष्टिप्रहार सोसतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. खोटा समज तोच आहे. पहिल्या भागात बॅक्स्टर तो दूर करत नाही, कारण त्यात त्याची सोय आहे. वरिष्ठांची नावे फोडली तर बढती बुडेल. दुसऱ्या भागात तो दूर करत नाही, कारण त्यात फ्रानची अब्रू आहे. मौन एकच, पण एका ठिकाणी ते विकलेले आहे, दुसऱ्या ठिकाणी दिलेले आहे. माणूस बदलला हे सांगण्यासाठी लेखकांनी त्याच्या तोंडी एकही भाषण घातलेले नाही.

डॉक्टर त्याला झाडतात त्या वेळी ते यिद्दिश भाषेतला एक शब्द वापरतात: 'मेन्श'. शब्दशः अर्थ माणूस, पण त्यांना अभिप्रेत असतो खरा माणूस, माणुसकी असलेला माणूस. इंग्रजीत त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आपल्या मराठीत सांगावा लागत नाही. 'अरे, तू माणूस आहेस का कोण?' असे आपण रागाने विचारतो तेव्हा तोच अर्थ आपल्या मनात असतो. माणूस हे जन्माने मिळते, तरी ते व्हावे लागते, ही जाण दोन्ही भाषांनी एका शब्दात साठवली आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. फ्रान बरी होईपर्यंत बॅक्स्टर तिची शुश्रूषा करतो. तिचे मन रमावे म्हणून पत्ते मांडतो, टेनिसच्या रॅकेटवर शेवया गाळून जेवण रांधतो. त्या दोन दिवसांत ज्या जागेचा आजवर फक्त वापर झाला होता, तिला प्रथमच घरपण येते. शेल्ड्रेकने नोकरीवरून काढलेली मिस ओल्सन त्याच्या पत्नीला सर्व कळवते, आणि त्याला घराबाहेर पडावे लागते. तो बॅक्स्टरला आपला साहाय्यक नेमतो, सत्ताविसाव्या मजल्यावर बसवतो, आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री पुन्हा ती किल्ली मागतो, फ्रानसाठी. बॅक्स्टर त्याच्या हाती एक किल्ली ठेवतो खरा. पण ती बिऱ्हाडाची नसते. अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहाची असते. प्रतिष्ठेची खूण म्हणून मिळालेली ती किल्ली परत करून तो नोकरी सोडतो. आपण डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे माणूस होण्याचे ठरवले आहे, असेही सांगतो. ही वार्ता खुद्द शेल्ड्रेकच्याच तोंडून फ्रानला कळते, आणि मध्यरात्रीच्या टोल्यांबरोबर ती त्याला तेथेच सोडून बॅक्स्टरकडे धावत सुटते.

श्रोतेहो, या चित्रपटाचे मर्म मला या दोन किल्ल्यांत दिसते. व्यभिचार हा दोन माणसांमधला, फार तर तिघांमधला मामला आहे, असे आपण धरून चालतो. वाइल्डर दाखवतो की, तो एवढ्यावर कधीच उभा राहत नाही. त्याला जागा लागते, निमित्त लागते, दूरध्वनीवर खोटे उत्तर देणारी चिटणीस लागते, आणि पाहून न पाहिल्यासारखे करणारे शेजारी लागतात. दोघांच्या अपराधाला दहाजणांची सोय लागते. त्या दहाजणांपैकी प्रत्येकाची समजूत अशी असते की, मी काहीच केले नाही. मी केवळ किल्ली दिली. 'मी केवळ' या दोन शब्दांत किती पापे सुखाने नांदतात, याचा हा चित्रपट हिशेब मांडतो. बॅक्स्टरला शिक्षा होते ती याच ठिकाणी. त्याने भाड्याने दिलेल्या अंधारात अखेर त्याच्याच प्रीतीचा बळी जाऊ पाहतो.

आणि किंमत कोणी मोजली, हेही पाहावे. फ्रान जिवावर उदार झाली. मिस ओल्सनची नोकरी गेली. बॅक्स्टर बेकार झाला. त्या चार वरिष्ठांना काय झाले? काहीही नाही. शेल्ड्रेकला घर सोडावे लागले, पण पद राहिले. ही भूमिका फ्रेड मॅकमरी या नटाने केली आहे. तो शेल्ड्रेकला राक्षस करत नाही. सुखवस्तू, रुबाबदार, बोलण्यात गोड असा गृहस्थ करतो. त्यामुळेच तो अधिक भयंकर वाटतो. जॅक लेमनने बॅक्स्टरचा लाचारपणा हास्यास्पद केला आहे, पण तिरस्करणीय होऊ दिलेला नाही. आणि शर्ली मॅक्लेनच्या फ्रानमध्ये चतुराई व भोळेपणा यांचे असे मिश्रण आहे की, तिला मूर्ख म्हणण्याचा धीर होत नाही.

तथापि या चित्रपटात एक उणीव राहून गेली आहे. शेल्ड्रेकची पत्नी. जिचा विश्वासघात झाला तिची ओळख आपणांस जवळजवळ होतच नाही. तिचा एकटेपणा, तिची शंका, सत्य कळल्यानंतरची तिची रात्र, यांना कथेत स्थान नाही. ही उणीव ४७ वर्षांनी एका हिंदी चित्रपटाने भरून काढण्याचा यत्न केला. अनुराग बसू यांचा 'लाइफ इन अ... मेट्रो' २००७ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील एक धागा उघडपणे 'द अपार्टमेंट'चा आहे. स्थळ मुंबई. कॉल सेंटरमधला राहुल (शर्मन जोशी) वरिष्ठांना आपल्या फ्लॅटची किल्ली देतो. त्याला आवडणारी नेहा (कंगना रनौत) वरिष्ठ अधिकारी रणजीत (के के मेनन) याच्या पाशात असते. पण येथे रणजीतची पत्नी शिखा (शिल्पा शेट्टी) कथेच्या मध्यभागी आहे. तिचे एकाकीपण, तिच्या आयुष्यात आलेला दुसरा पुरुष, आणि त्या ओढीत तिच्या मनाची होणारी ओढाताण, हे सारे आपल्यापुढे येते. त्यामुळे प्रेक्षकाचा न्याय सोपा राहत नाही. ज्या शहरात डोक्यावर छप्पर मिळवणे हीच जन्माची कमाई, त्या मुंबईत रिकामा फ्लॅट हे किती मोठे चलन ठरते, हे महाराष्ट्राच्या आसपास राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. याच दिग्दर्शकाने २०२५ मध्ये 'मेट्रो... इन दिनों' या नावाने त्याच धर्तीचा दुसरा चित्रपट काढला. तुटू पाहणाऱ्या जोडप्यांची कथा महानगर अजून सांगतेच आहे.

शेवटी त्या मूळ चित्रपटाच्या समाप्तीविषयी दोन शब्द. फ्रान जिन्यावरून धावत येते आणि आतून स्फोटासारखा आवाज ऐकून तिचे काळीज थरारते. बॅक्स्टरने पूर्वी एकदा प्रेमभंगातून स्वतःवर पिस्तूल रोखले होते, हे तिला ठाऊक असते. दार उघडते तेव्हा तो हातात फेसाळणारी शॅम्पेनची बाटली घेऊन उभा असतो. मग दोघे कोचावर बसतात. तो आपले प्रेम बोलून दाखवतो. ती त्याला पत्ते वाटावयास सांगते. आलिंगन नाही, आणाभाका नाहीत, लग्नाची बोलणी नाहीत. अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव पुढे सुरू होतो, इतकेच.

हा शेवट मला फार समंजस वाटतो. ज्या कथेत साऱ्या आश्वासनांची नाणी खोटी निघाली, तिच्या अखेरीस आणखी एक आश्वासन देऊन काय साधणार? बॅक्स्टरपाशी नोकरी नाही. पुढे काय, ते ठाऊक नाही. पण ती जागा आता कोणाच्या वेळापत्रकात नाही. तिची किल्ली प्रथमच तिच्या धन्याच्या खिशात आहे. आपणांपैकी प्रत्येकापाशी अशी एखादी किल्ली असतेच: कोणापाशी जागेची, कोणापाशी सहीची, कोणापाशी नुसत्या मौनाची. ती मागणारा गोड बोलून मागतो, आणि बदल्यात काही देऊही करतो. त्या क्षणी ती कोणाच्या दुःखाचे दार उघडणार आहे, एवढे विचारून पाहिले, तरी डॉक्टर ड्रायफस यांना अभिप्रेत असलेला माणूस होण्याच्या दिशेने आपण एक पाऊल टाकले, असे म्हणावयास हरकत नाही.